डोंगर चढायचा, पैसा संशोधनाला द्यायचा: बीडच्या बाजूने एक आढावा

बीड जिल्ह्यातल्या माणसाला डोंगरवाटेने पायी जाणं नवं नाही आणि चांगल्या कामासाठी पावती फाडणंही नवं नाही. कार्तिकात मन्मथस्वामींच्या समाधीला कपिलधारकडे दिंड्या निघतात. मराठवाड्यातून निघतात, तशा कर्नाटक-तेलंगणातूनही येतात. भगवानगड, नारायणगड, गहिनीनाथगड इथे पायी जाणाऱ्यांची वाट बालाघाट डोंगररांगेच्या चढ-उतारांवरूनच जाते. वाटेतल्या गावांत पंगती बसतात, शिधा लोकवर्गणीतून येतो, कोणी किती दिलं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं जातं. चालणारा, देणारा आणि हिशेब ठेवणारा अशी तिन्ही माणसं इथे पिढ्यान् पिढ्या तयार आहेत. तरीही वैद्यकीय संशोधनासाठी कोणी डोंगर चढतो आहे आणि त्याच्या मागे गाव वर्गणी देतं आहे, ही रीत आपल्याकडे रुळलेली नाही. जगात ती चाळीस वर्षांहून जास्त काळ चालत आली आहे. तिने भलं केलं आहे आणि काही ठिकाणी नुकसानही केलं आहे. ती जशीच्या तशी उचलावी असं मला वाटत नाही. पण ऊसतोड मजुरांच्या या जिल्ह्यात एक वैद्यकीय प्रश्न असा पडून आहे, की त्यासाठी ही रीत आपल्या पद्धतीने बसवून घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

रुग्णासाठी पैसे उभे करणं आपल्याला जमतं. एखाद्या लेकराला रक्ताचा कर्करोग झाला, की त्याचा फोटो आणि क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर फिरतो. शिक्षक, व्यापारी, पुण्याला नोकरीला असलेली पोरं आपापल्या परीने देतात. संशोधनाला असा चेहरा नसतो. ज्याला त्याचा फायदा होणार तो माणूस अजून आजारी पडलेला नसतो, कदाचित जन्मालाही आलेला नसतो. शिवाय ‘हा उपाय चालत नाही’ हेही संशोधनात कामाचं उत्तर असतं, आणि न चाललेल्या उपायासाठी वर्गणी मागायची कशी, असा पेच कार्यकर्त्याला पडतो. सरकारकडे बोट दाखवावं, तर सगळ्या विषयांतल्या संशोधनावर मिळून आपल्या देशाचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यातून वैद्यकाच्या वाट्याला काय येणार, आणि त्यातलं खेड्यातल्या आजारांकडे किती वळणार? ज्याला चेहरा नाही त्याला चेहरा देण्यासाठीच ही रीत निघाली. चालणारा म्हणतो, कष्ट मी घेतो, तुम्ही पैसे द्या.

या रीतीला जगभर ओळख मिळवून दिली ती टेरी फॉक्स या कॅनडातल्या पोराने. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. रुग्णालयात त्याने आपल्याहून लहान मुलं तडफडताना पाहिली आणि संशोधनाला पैसा कमी पडतो हे त्याच्या मनात बसलं. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाने त्याने कॅनडाच्या पूर्व टोकाकडून धावायला सुरुवात केली. रोज जवळपास एका मॅरेथॉनइतकं अंतर तो कापत होता. १ सप्टेंबरला, १४३ दिवसांनी आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर तो थांबला. कर्करोग फुप्फुसात पोचला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला, तेव्हा तेवीस वर्षांचाही नव्हता. प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर मिळावा एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत पूर्ण झालं. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर निधी जमला होता.

यातल्या दोन गोष्टी आपण ध्यानात धरायला हव्यात. त्याने पैसा फक्त संशोधनासाठी मागितला आणि कोणत्याही कंपनीला आपल्या धावण्यावर जाहिरात करू दिली नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तो दुसऱ्या किनाऱ्याला पोचला नाही, तरी निधी थांबला नाही. लोकांनी पैसे दिले होते ते प्रश्नासाठी, त्याच्या पोचण्यासाठी नव्हे.

पुढे हीच रीत डोंगरांवर गेली. युरोप-अमेरिकेत किलिमांजारो, एव्हरेस्ट बेस कॅम्प, अकोंकाग्वा अशा चढाया धर्मादाय संस्थांच्या वार्षिक कार्यक्रमाचाच भाग झाल्या. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या नऊ नामांकित कलाकारांनी ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो चढून तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळवून दिली. ती आफ्रिकेतल्या मलेरियाविरोधी कामाला गेली. अशा एखाद्या मोठ्या मोहिमेचा आकडा डोळे दिपवतो. साध्या माणसाच्या चढाईचा हिशेब मात्र बारकाईने पाहावा लागतो. तिकडे दोन प्रकार आहेत. एकात चढणारा विमानाचं तिकीट, वाटाड्या, तंबू सगळं आपल्या खिशातून भरतो आणि गोळा केलेली प्रत्येक पै संस्थेला जाते. दुसऱ्यात तो ठरावीक किमान रक्कम गोळा करतो आणि त्याच रकमेतून संस्था त्याच्या सहलीचं बिल भागवते. दुसऱ्या प्रकारात शंभर रुपये देणाऱ्या आजीला वाटतं आपण कर्करोगाच्या अभ्यासाला दिले, आणि त्यातले निम्मे गेलेले असतात कोणाच्या तरी हॉटेलवर. हे उघड सांगितलं तर निदान निवड तिच्या हाती राहते. न सांगणं ही फसवणूक आहे, मग कारण कितीही पवित्र असो.

स्कॉटलंडच्या टेसाइड भागातल्या डॉक्टरांनी तर एका वेगळ्याच हिशेबाला हात घातला. देणगीसाठी विमानातून छत्रीउडी मारण्याची तिकडे टूम होती. पाच वर्षांत अशा उड्यांतून जखमी होऊन आलेल्यांची त्यांनी मोजदाद केली आणि १९९९ मध्ये ती छापली. उडी मारणारा सरासरी ३० पौंड गोळा करत होता, तर एका जखमी माणसावर सरकारी आरोग्यसेवेचे सरासरी ३,७५१ पौंड खर्च होत होते. दानात आलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारी दवाखान्यांचे पावणेचौदा पौंड गेले. डोंगर म्हणजे छत्रीउडी नव्हे, हे खरं. पण ज्या जिल्ह्यात अपघातग्रस्ताला अंबाजोगाईला किंवा थेट छत्रपती संभाजीनगरला हलवावं लागतं, तिथे कोणतीही मोहीम आखताना हा हिशेब समोर असलाच पाहिजे.

डोंगर आणि वैद्यकीय संशोधन यांचं याहून जुनं आणि खोल नातंही आहे, त्यात डोंगरच प्रयोगशाळा होतो. १९६०-६१ मध्ये एडमंड हिलरी यांच्या नेतृत्वाखालची तुकडी नेपाळात ५,८०० मीटर उंचीवर लाकडी झोपडी उभारून हिवाळाभर राहिली. विरळ हवेत माणसाचं हृदय, फुप्फुस, रक्त कसं वागतं याच्या नोंदी तिथे झाल्या. ग्रिफिथ प्यू हे शास्त्रज्ञ त्यामागे होते आणि सुखमय लाहिरी हे भारतीय शरीरशास्त्रज्ञही त्यात होते. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या लष्करी डॉक्टरांनी उंचीवर तैनात जवानांच्या आजारांवर केलेलं काम तर जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं.

२००७ च्या ब्रिटिश मोहिमेतला एक प्रसंग मला वारंवार आठवतो. एव्हरेस्टचं शिखर गाठून डॉक्टरांची तुकडी उतरत होती. ८,४०० मीटरवर, वाऱ्यापासून आडोसा करून, चार जणांनी अंगावरचे जाड कपडे सैल केले आणि जांघेतल्या रोहिणीतून एकमेकांचं रक्त काढलं. नमुने बर्फात गुंडाळून शेर्पांच्या हाती दिले. शेर्पांनी दोन तासांच्या आत ते ६,४०० मीटरवरच्या छावणीतल्या यंत्रापर्यंत उतरवले. रक्तातल्या ऑक्सिजनचा सरासरी दाब निघाला २४.६ मिलिमीटर पारा. सपाटीवर निरोगी माणसाचा शंभरच्या जवळपास असतो. रुग्णालयात एवढ्या आकड्याचा रुग्ण आला तर डॉक्टर त्याची आशा सोडतील, आणि हे चौघे पायांवर उभे होते. अतिदक्षता विभागातला एक रुग्ण कमी ऑक्सिजनवर तगतो आणि दुसरा का तगत नाही, हे समजून घ्यायला या मोजमापांचा आधार मिळाला. याच अभ्यासासाठी सुमारे दोनशे साधे ट्रेकर बेस कॅम्पपर्यंत चालत गेले आणि वाटेत ठरल्या ठिकाणी आपली तपासणी करून घेत राहिले. त्यांचं चालणं हाच त्या अभ्यासाचा कच्चा माल होता. असा ट्रेक मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात चालणं आणि संशोधन यांची फारकतच होत नाही.

महाराष्ट्रात संशोधनाला पैसा देण्याचा एक थोर दाखला आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजी टाटांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने न्यास केला आणि त्याच्या उत्पन्नाचा पाच भागांपैकी चार भाग वाटा रक्ताच्या कर्करोगावर जगात कुठेही चालणाऱ्या संशोधनाला ठेवला. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं, त्यामागेही हीच प्रेरणा होती. पण हे एका धनवंताचं दान. हजारोंनी घाम गाळून पैसा उभा करण्याची सवय आपल्याला लावली ती २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने. शाळा, अनाथालयं, रुग्णालयं, रुग्णसहाय्य संस्था अशा शेकडो कामांना त्यातून पैसा मिळत आला आहे. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत जोडीने पुरी केली, ती आदिवासींच्या दृष्टीसाठीच्या कामाचं नाव घेऊन. ही सगळी कामं मोलाची आहेत. त्यांचा रोख मात्र सेवेवर आहे. संशोधनाचं नाव घेऊन चढणारा आपल्याकडे विरळाच.

गिर्यारोहणात तर पैशाचा प्रवाह बहुतेक उलट्याच दिशेने वाहतो. पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेने २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्ट मोहीम काढली, तेव्हा समाजाने मोहिमेसाठी पैसा दिला. मराठवाड्यातून एव्हरेस्टवर गेलेले पोलीस दलातले शेख रफिक आणि त्यांच्यामागून २०१८ मध्ये शिखर गाठणाऱ्या मनीषा वाघमारे यांचं यश पाहून अवघ्या मराठवाड्याला अभिमान वाटला. साध्या घरातून आलेल्या गिर्यारोहकाला मोहिमेसाठी मदत मागावी लागते, त्यात गैर काही नाही. पण ‘मला चढायला मदत करा’ आणि ‘मी चढतो, अभ्यासाला मदत करा’ ही दोन आवाहनं एकाच पत्रकावर येता कामा नयेत. मोहिमेचा खर्च आणि संशोधनाची वर्गणी यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी असली पाहिजेत.

आता आपल्या शेजारी या. बालाघाटाच्या कडेला बार्शी आहे. तिथल्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तीन तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं तिच्यात होती. खेड्यात मृत्यूचं कारण कागदावर येत नाही, कर्करोगाचा रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून कस्तुरी जयंत आणि बी. एम. नेने यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव माणसं पाठवली. त्यांनी गावकऱ्यांशी बोलून लक्षणं समजावली आणि संशयित रुग्णांना तपासणीला आणलं. १९९५ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की नुसत्या सततच्या बोलण्यानेसुद्धा गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढतं. मोठं यंत्र लागलं नाही. माणसं लागली, वर्षं लागली आणि त्या माणसांना दरमहा पगार लागला.

याच पायावर पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. काहींची एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, काहींची पेशींची, काहींची नुसत्या डोळ्यांनी व्हिनेगर लावून, आणि एका गटाला नेहमीची सेवा. २००९ मध्ये निकाल आला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली होती त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ बायका गेल्या, आणि ज्या गटाची तपासणी झाली नव्हती त्यात ६४. दोन्ही गट तीस हजारांच्या वरचे. जगात कुठे कोणती तपासणी आधी करावी याच्या चर्चेत आजही हा अभ्यास पुढे येतो. तपासणीविना ठेवलेल्या गटावरून त्यावर टीकाही झाली, आणि ती टीका विसरू नये. पण या प्रयोगासाठी पैसा आला तो अमेरिकेतल्या गेट्स फाउंडेशनकडून. लोहारा-उमरग्याच्या बायांचा प्रश्न, तपासायला बार्शी-मुंबईची माणसं, आणि पैसा सिएटलचा. दात्याचे उपकार मानावेत. तरी अशा कामात आपल्या भागाची वर्गणीही मिसळलेली असावी, असं मला वाटत राहतं.

गडचिरोलीतलं एक काम इथे सांगणं अटळ आहे. राणी बंग आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ते निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. तोवर जगाच्या आरोग्य कार्यक्रमांत खेड्यातली बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढीच होती. दोन गावांच्या अभ्यासाने ती समजूत मोडली.

बीडचा प्रश्न नेमका याच रेषेवर उभा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस खाडा पडला तर त्याचा दंड. पहाटे फडात शिरलेली बाई ऊस तोडते, पाचट सोलते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते. पाळीचं कापड बदलायला आडोसा नाही, पाणी नाही. अंगावरून जायला लागलं, पोटात दुखायला लागलं की गावी परतल्यावर दवाखाना, आणि दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला. २०१९ मध्ये हा विषय गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे सहा जणींत एक. १५ ते ४९ वयोगटात देशाचं प्रमाण तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास होतं. वयाचे गट तंतोतंत सारखे नसतील, पण एवढी मोठी तफावत त्याने पुसली जात नाही. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला.

पुढच्या शस्त्रक्रियांवर पहारा बसला, हे चांगलं झालं. पण ज्यांची पिशवी गेली त्या तेरा हजार आठशे जणींचं पुढे काय? त्यांतल्या कितीजणींचे बीजांडकोशही काढले गेले? तिशी-पस्तिशीत बीजांडकोश गेले की शरीर एका रात्रीत पाळी जाण्याच्या वयात ढकललं जातं. हाडं ठिसूळ होण्याचा, हृदयविकाराचा धोका वाढतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. ते ठाऊक झालं आहे ते मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या, खाऊनपिऊन असलेल्या स्त्रियांच्या अभ्यासांतून. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत पुन्हा ऊस उचलणाऱ्या, भाकरी-चटणीवर राबणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बाईच्या मणक्याचं दहा-पंधरा वर्षांत काय होतं? कंबरदुखी, हातापायांची आग, झोप न लागणं या तक्रारींतलं किती हार्मोनच्या अभावाचं, किती कष्टांचं, किती उपासमारीचं? या प्रश्नाचं उत्तर याच जिल्ह्यात शोधता येईल.

उत्तर शोधायला जागाही आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून उभं आहे, आणि ते उभारलंच गेलं ग्रामीण भागासाठी. शेजारी जामखेडला आरोळे दाम्पत्याने १९७० पासून गावातल्या अर्धशिक्षित बायकांना आरोग्यसेविका बनवून दाखवलं. तेव्हा माहिती गोळा करायला गावातलीच बाई समर्थ असते, हे वेगळं सिद्ध करायची गरज उरलेली नाही. अडचण असते ती सातत्याची. पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या प्रबंधासाठी पाहणी करतो, तीन वर्षांत पदवी घेऊन जातो आणि पाहणी तिथेच थांबते. मोठा निधी देणाऱ्या संस्थांना नवं औषध, नवी लस, नवं यंत्र यांत रस असतो. त्याच त्या बायकांकडे दरवर्षी जाऊन त्याच त्या गोष्टी मोजत राहण्यासाठी पैसा मिळवणं फार अवघड असतं. डोंगर चढून जमवलेली वर्गणी इथे उपयोगी पडेल. ती मोठी नसते, पण दरवर्षी येऊ शकते. तपासणीला येणाऱ्या बाईचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, हाडांची घनता मोजण्याच्या तपासणीचं शुल्क, रक्त नेण्याची सोय, गावातल्या कार्यकर्तीचं मानधन, नोंदी जपणाऱ्या एका माणसाचा पगार एवढंच तिच्याकडून मागायचं. आणि ती दहा वर्षं मागायची.

यात एक पथ्य मी सगळ्यांच्या वर ठेवीन. या बायांचे चेहरे, नावं, गावं वर्गणीच्या पत्रकावर येता कामा नयेत. २०१९ नंतर कॅमेरे घेऊन आलेल्यांना त्यांनी पुष्कळ सांगून झालं आहे. अभ्यासाचा आराखडा महाविद्यालयाच्या नैतिकता समितीपुढे मंजूर झाल्याशिवाय एक रुपयाही गोळा करू नये, आणि अभ्यासात एखादीचा आजार सापडला तर तिच्या उपचाराची सोय आराखड्यातच हवी. मोजून निघून जाणं हा या बायांवर दुसऱ्यांदा झालेला अन्याय ठरेल. काय विचारायचं हे ठरवताना त्यांच्यातल्या चार-पाच जणी बैठकीत असाव्यात. कंबर कशाने दुखते याचे अंदाज त्यांच्याकडे डॉक्टरांइतकेच असतील.

पैशाच्या कायद्याची बाजू रुक्ष आहे, पण तिथेच बहुतेक उपक्रम अडखळतात. नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना हा अर्ज पाठ असतो. त्यापेक्षा आधीच नोंदलेल्या न्यासामार्फत जाणं बरं. १९६१ च्या आयकर कायद्यातली ८०-जी ची सवलत सगळ्यांना माहीत आहे. संशोधनाच्या देणगीसाठी ८०-जीजीए आणि ३५ अशी वेगळी कलमंही त्यात होती. २०२५ च्या नव्या कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला यातल्या बहुतेक सवलती मिळत नाहीत, म्हणून पत्रकावर करसवलतीचं आश्वासन सनदी लेखापालाला विचारूनच छापावं. परदेशातल्या मराठी घरांकडून पैसा येणार असेल तर आणखी एक बाब आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याची धरली जाते, मग तो बीडच्याच शाळेत शिकलेला असो. तिच्यासाठी परकीय देणगीची नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं, आणि २०२० पासून ती रक्कम एका संस्थेने दुसरीकडे वळती करण्यालाही बंदी आहे.

कोणता डोंगर चढायचा? एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि तिथे जाऊन येणं लाखाच्या घरातलं काम आहे. ज्याला स्वतःच्या खर्चाने जायचं आहे त्याने जरूर जावं आणि संशोधनाचं नाव घ्यावं. पण अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, तरण्याताठ्यालाही. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. डोकं ठणकतं आहे, उलटी होते आहे, तोल जातो आहे, तरी ‘लोकांनी पैसे दिलेत, मागे कसा फिरू’ असं म्हणून वर जाणं हा या रीतीतला सगळ्यांत मोठा धोका आहे. म्हणून पावतीवरच छापावं की देणगी शिखरावर अवलंबून नाही. टेरी फॉक्सच्या बाबतीत जे आपोआप घडलं ते आपण लिहून ठेवावं.

मला स्वतःला दूरच्या शिखरापेक्षा जवळची वाट जास्त पटते. धारूरचा किल्ला आणि घाट, सौताड्याची दरी, कपिलधारचा धबधबा, अंबाजोगाईच्या भोवतालचे डोंगर अशी बालाघाटातली चार-पाच दिवसांची पदयात्रा आखता येईल. दिंडीत चालणारे म्हातारे-कोतारे, महाविद्यालयातली मुलं, आशाताई, डॉक्टर सगळे तीत येऊ शकतात. एखाद्या वर्षी हौशी मंडळींनी १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर जावं. वाटेतल्या मुक्कामाच्या गावी रात्री कीर्तनाच्या जागी तासभर गर्भाशयाचे आजार, पाळी जाणं, हाडं यांवर बोलणं व्हावं, बायकांसाठी वेगळं. बार्शीने दाखवून दिलं आहे की नुसत्या बोलण्यानेही फरक पडतो. गेल्या वर्षी किती जमले, कोणत्या गावच्या किती जणींची तपासणी झाली, अभ्यासात काय निघालं, हे त्याच गावात उभं राहून वाचून दाखवावं. गाव देतं ते अशा हिशेबावर.

पदयात्रेचा महिना मात्र कारखान्यांच्या हंगामावर ठरेल. ऊसतोडीला गेलेल्या बाया पाडव्याच्या आगेमागे परततात आणि दसऱ्यानंतर पुन्हा निघतात. त्यांची वार्षिक तपासणी व्हायची तर ती याच सहा महिन्यांत, आणि पेरणी-खुरपणीचे दिवस वगळून. पोळ्यानंतर थोडी उसंत असते. बालाघाट हिरवा असतो, ओढ्यांना पाणी असतं, चालायला ऊन कमी असतं. तेव्हा पदयात्रा काढली, तर उचल घेऊन गाड्या निघायच्या आत वर्गणीची रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात पोचते आणि त्याच महिन्यात तपासण्या होऊन जातात.